पुढचे अक्षर कोणते?

स्पर्धा परीक्षेची कोणतीही जुनी प्रश्नपत्रिका उघडून पाहा. 'बुद्धिमत्ता चाचणी' या मथळ्याखाली पुढीलसारखा एखादा प्रश्न बहुधा सापडतोच : सी, एफ, आय, एल, ? प्रश्नचिन्हाच्या जागी कोणते अक्षर येईल ते खालच्या चार पर्यायांतून निवडायचे. या प्रकाराला अक्षरमालिका म्हणतात. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरती, तलाठी भरती आणि राज्यसेवेपर्यंत ती आपली पाठ सोडत नाही. प्रस्तुत लेखात ही मालिका कशी सोडवावी, हे मला समजले तेवढे सांगणार आहे. छापण्याच्या सोयीसाठी इंग्रजी अक्षरांची नावे मराठीतच लिहिते.

मी काही या विषयाची तज्ज्ञ नव्हे. द्वितीय वर्ष कला शाखेत शिकते आणि महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. तेव्हा हा लेखनप्रपंच कशासाठी, ते आधी सांगायला हवे.

आमचे गाव वडीगोद्री. माझा थोरला भाऊ बारावीनंतर पोलीस भरतीच्या मागे लागला. पहाटे पाचला उठून तो जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने धावायचा. थंडी असो की चिखल, त्याचा खाडा नसे. सोळाशे मीटरचे अंतर तो असे काटायचा की गावातली पोरे थांबून पाहत. मैदानी चाचणीत त्याला चांगले गुण पडले. पुढे लेखी परीक्षा झाली. शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटे. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणी असे चार विषय. निवड यादी लागली तेव्हा दादा तीन गुणांनी मागे होता. बुद्धिमत्ता चाचणीत त्याला सर्वांत कमी गुण होते.

तीन गुण म्हणजे काही मोठी हार नव्हे. पुढच्या भरतीत ते भरून निघाले असते. पण दादाने बूट टांगले ते टांगलेच. मला म्हणाला, "धावायला पाय लागतात, ते आपल्याकडे हायेत. ह्या पेपरला बुद्धी लागती. ती काय सराव करून येती का?" तेव्हापासून तो उसाच्या ट्रॅक्टरवर जातो.

मला वाटते, दादाला त्या गुणांनी हरवले नाही, विषयाच्या नावाने हरवले. अंकगणितात कमी गुण पडले तर माणूस म्हणतो, माझा अभ्यास कमी पडला. बुद्धिमत्ता चाचणीत कमी पडले तर म्हणतो, मीच कमी आहे. हे खरे आहे काय, हे पाहावे म्हणून मी त्याची प्रश्नपत्रिका घेऊन बसले. त्याने कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांत चार अक्षरमालिका होत्या. पहिल्या दिवशी त्या मलाही सुटल्या नाहीत.

आपण फक्त जातो, परत येत नाही

का सुटत नाहीत याचा विचार करता पहिली अडचण ध्यानात आली. तुम्हीही करून पाहा. एमच्या आधीचे अक्षर कोणते? मला ते सांगण्यासाठी एपासून म्हणत यावे लागले. आपण पहिलीपासून इंग्रजी वर्णमाला म्हणतो, पण ती गाण्यासारखी, एकाच दिशेने आणि सुरुवातीपासून.

आमच्या फाट्यावरून एस.टी.ने बीडकडे निघाले की शहागड, मग गेवराई आणि मग बीड लागते. येताना बीड, गेवराई, शहागड, वडीगोद्री. यांतले कोणते गाव कोणाच्या आधी, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही विचारात न पडता सांगता येते. कारण तो जातो आणि परतही येतो. वर्णमालेच्या रस्त्याने आपण फक्त जातो. म्हणून पहिला उपाय म्हणजे वर्णमाला उलटी म्हणण्याचा सराव : झेड, वाय, एक्स, डब्ल्यू, व्ही, यू... आठवडाभर भाकरी थापताना म्हटली तरी पुरे.

दुसरा उपाय मैलाच्या दगडांचा. हमरस्त्यावर प्रत्येक ठिकाणी अंतर लिहिलेले नसते. ठरावीक दगडांवर असते आणि त्यावरून मधले अंतर आपण काढतो. तसेच ए म्हणजे 1, बी म्हणजे 2 असे सव्वीस क्रमांक पाठ करण्याऐवजी पाच दगड लक्षात ठेवावेत : ई 5, जे 10, ओ 15, टी 20, वाय 25. मग आर कितवा? टीच्या मागे दोन घरे, म्हणून 18. एल कितवा? जेच्या पुढे दोन घरे, म्हणून 12. प्रश्नपत्रिका हातात पडताच कच्च्या कामाच्या जागेत हे पाच दगड लिहून टाकावेत. त्याला दहा सेकंद लागतात.

तिसरी गोष्ट जोड्यांची. सुरुवातीपासून जितके पुढे तितकेच शेवटाकडून मागे गेले, तर जी दोन अक्षरे मिळतात त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी 27 येते. ए आणि झेड, बी आणि वाय, सी आणि एक्स, असे करत शेवटी एम आणि एन. एच्‌च्या समोरचे अक्षर कोणते? 27 वजा 8, म्हणजे 19, म्हणजे एस.

मालिकेचे मुख्य प्रकार

एवढी तयारी झाली की मालिका हा अक्षरांचा प्रश्न राहत नाही, अंकांचा होतो. आता एकेक प्रकार पाहू.

पहिला प्रकार समान अंतराचा. सी, एफ, आय, एल म्हणजे 3, 6, 9, 12. प्रत्येक वेळी तीन वाढतात, म्हणून पुढे 15, अर्थात ओ.

दुसरा प्रकार वाढत्या अंतराचा. बी, सी, ई, एच, एल, ? म्हणजे 2, 3, 5, 8, 12. अंतरे पाहिली तर 1, 2, 3, 4. पुढचे अंतर 5, म्हणून 17, अर्थात क्यू. अक्षरांत क्रम दिसला नाही तर अक्षरांमधल्या अंतरांत तो शोधावा.

तिसरा प्रकार फेऱ्याचा. यू, एक्स, ए, डी, ? येथे मालिका संपून पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटते आणि विद्यार्थी गोंधळतो. क्रमांक 21, 24 आणि पुढे 27 हवा. वर्णमाला तर 26 वर संपते. म्हणून 27 मधून 26 वजा करावेत, म्हणजे 1, अर्थात ए. झेडनंतर पुन्हा ए येतो असे धरले की अंतर तीनच राहते आणि उत्तर येते जी.

चौथा प्रकार दोन मालिका एकमेकींत गुंफल्याचा. ए, झेड, सी, एक्स, ई, व्ही, ? क्रमाने वाचल्यास यात काहीच ताळमेळ दिसत नाही. पण एक सोडून एक अक्षर वाचा. ए, सी, ई ही एक मालिका दोन-दोनने पुढे जाते. झेड, एक्स, व्ही ही दुसरी दोन-दोनने मागे येते. सातवी जागा पहिल्या मालिकेची, म्हणून उत्तर जी. मालिका लांब असेल आणि अक्षरे एकदा पुढे, एकदा मागे उड्या मारत असतील, तर हा प्रकार आहे असे समजावे.

पाचवा प्रकार गटांचा. एझेड, बीवाय, सीएक्स, ? येथे आडवे न वाचता उभे वाचावे. गटांतली पहिली अक्षरे ए, बी, सी, म्हणून पुढे डी. दुसरी झेड, वाय, एक्स, म्हणून पुढे डब्ल्यू. उत्तर डीडब्ल्यू. वर सांगितलेला 27 चा नियम येथे पडताळ्याला उपयोगी पडतो : 4 आणि 23.

नांग्या भरणे

सहावा प्रकार गाळलेल्या जागांचा, आणि तो मला आमच्या अण्णांनी शिकवला. अण्णांना सहीपुरते लिहिता येते.

आमच्या रानात कपाशीत तूर असते. सहा तास कपाशीचे आणि सातवे तुरीचे, अशी पेरणी. एके वर्षी पावसाने ताण दिला आणि एका कडेला सलग तीन-चार तास उगवलेच नाहीत. नांग्या भरायला, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोबायला, आम्ही सगळे गेलो. मी लहान होते. मोकळ्या जागेत कोणते बी टाकावे हे मला कळेना, कारण तिथे कोणतेच रोप नव्हते. अण्णा म्हणाले, "माय, मोकळ्या जागंकडं बघून काय कळणार? उगवलेलं तुरीचं तास धर. तिथून सहा मोज. सातवं पुन्हा तुरीचं."

आता हा प्रश्न पाहा : ए _ बी ए ए _ ए ए बी. रिकाम्या जागांकडे पाहून काही कळत नाही. आधी एकूण जागा मोजाव्यात. त्या नऊ आहेत. नऊचे समान भाग तीन-तीनचे पडतात. मग जिथे पूर्ण गट उगवलेला आहे तो धरावा. शेवटचा गट पूर्ण आहे : ए ए बी. तोच सर्वत्र लावला की पहिल्या जागी ए आणि दुसऱ्या जागी बी हे आपोआप येते. बारा जागा असतील तर तीन-तीन किंवा चार-चार करून पाहावे. पंधरा असतील तर तीन-तीन किंवा पाच-पाच. कालव्याचे पाणी जसे पाळीने येते, तशी अक्षरेही पाळीने येतात. पाळी किती लांबीची, एवढे एकदा सापडले की काम झाले.

अण्णांना मी हा प्रश्न कपाशी आणि तूर अशी नावे घालून तोंडी विचारला. त्यांनी मला बोलणे पुरे करू दिले नाही, उत्तर आधीच दिले. बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरात मात्र ते एकही खूण करू शकणार नाहीत.

आपली वर्णमाला

काही परीक्षांत मालिका मराठी अक्षरांची असते. तिला आपण घाबरतो, कारण मराठी अक्षरांना क्रमांक देण्याची सवय नसते. पण खरे तर ही मालिका इंग्रजीपेक्षा सोपी आहे. इंग्रजी अक्षरांचा क्रम लॅटिन आणि ग्रीक लिप्यांमार्फत फिनिशियन लिपीकडून आलेला आहे. त्या क्रमाचा उच्चाराशी संबंध नाही. आपला क्रम उच्चारावर रचलेला आहे. क ते म ही पंचवीस व्यंजने पाच ओळींत मांडा :

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

आडव्या ओळीत उच्चाराचे स्थान एकच. पहिली ओळ कंठाची, मग टाळूची, मग मूर्ध्याची, दातांची आणि शेवटी ओठांची. म्हणजे घशातून निघून आवाज क्रमाने ओठांपर्यंत येतो. उभ्या रांगेत उच्चाराची रीत एकच. पहिल्या दोन रांगा कठोर वर्णांच्या, पुढच्या दोन मृदू वर्णांच्या आणि शेवटची अनुनासिकांची. व्याकरणाच्या तासाला हे आपण परीक्षेपुरते लिहितो. पण हा तक्ता डोळ्यांपुढे ठेवून पुढची मालिका पाहा : क, छ, ड, ध, ? तक्त्यात बोट फिरवा. बोट एका कोपऱ्यातून तिरके खाली उतरते आणि शेवटच्या कोपऱ्यात म वर येते. ग, ज, ड, द, ? हे बोट सरळ खाली येते आणि ब वर थांबते. पाठांतर नको की आकडेमोड नको.

ही चाचणी कशाची?

एवढे झाल्यावर मी आपल्या मानसशास्त्राच्या सरांना विचारले, की सराव केल्याने जे जमते त्याला बुद्धी म्हणावे काय? सरांनी पुस्तके दिली. त्यांतून मला जे समजले ते थोडक्यात सांगते.

आजच्या बुद्धिमापनाची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, या हेतूने आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने 1905 मध्ये पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. 1909 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी त्याला स्पष्ट विरोध केला आहे. आपल्या भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कन्नड मुलांसाठी बेतल्या. त्यांचे इंग्रजी पुस्तक 1940 मध्ये निघाले.

अक्षरमालिकेला मानसशास्त्रात प्रतिष्ठा दिली ती अमेरिकेतील एल. एल. थर्स्टन यांनी. बुद्धी एकसंध नसून अनेक प्राथमिक क्षमतांची बनलेली आहे, असे त्यांनी 1938 मध्ये मांडले आणि नियम शोधण्याची क्षमता मोजण्यासाठी अक्षरमालिका वापरल्या. पुढे 1963 मध्ये हर्बर्ट सायमन आणि केनेथ कोटोव्हस्की यांनी अशा मालिका सोडवणारी संगणकाची आज्ञावली तयार केली. हे सायमन म्हणजे 1978 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे. त्यांच्या आज्ञावलीला मुख्यतः तीनच संबंध ओळखावे लागत : तेच अक्षर, पुढचे अक्षर, मागचे अक्षर. आधी पाळी शोधायची, मग पाळीच्या आत हे संबंध लावायचे. वाचताना मला अण्णांचे तुरीचे तास आठवले.

जे काम पायऱ्या सांगून यंत्राकडून करवून घेता येते, ते पायऱ्या सांगून माणसालाही शिकवता येते. सरावाने अशा चाचण्यांतले गुण वाढतात, हे मानसशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. त्याने माणसाची सगळीच बुद्धी वाढते, असा दावा मी करणार नाही. पण मग पहिल्या वेळी पडलेल्या कमी गुणांवरून माणसाची बुद्धी कमी आहे, असेही कोणी म्हणू नये. ज्याने हे प्रश्न पाचवीत पाहिले आणि ज्याने एकदम भरतीच्या पेपरात पाहिले, त्या दोघांच्या गुणांत बुद्धीचे अंतर किती आणि ओळखीचे किती, हे पेपर सांगू शकत नाही.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ए, बी, डी, ? याचे उत्तर काय? अंतर एकेकाने वाढते असे धरले तर 1, 2, 4, 7, म्हणजे जी. प्रत्येक वेळी दुप्पट होते असे धरले तर 1, 2, 4, 8, म्हणजे एच. दोन्ही नियम खरे आहेत. थोडी अक्षरे दिली की एकाहून अधिक नियम बसतात. म्हणून परीक्षेत आपण एकमेव सत्य शोधत नसतो. प्रश्न काढणाऱ्याच्या मनातला साधा नियम शोधत असतो. यासाठी पर्याय आधी पाहावेत. पर्यायांत जी असेल आणि एच नसेल, तर वाद मिटला. दोन्ही असतील, तर प्रश्नच सदोष आहे. लोकसेवा आयोगासारख्या परीक्षांत पहिली उत्तरतालिका निघाल्यावर त्यावर हरकत घेता येते.

परीक्षेत काय करावे

पोलीस भरतीत एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात. तेव्हा क्रम असा ठेवावा. अक्षरे सुटी असतील तर खाली क्रमांक लिहून अंतरे पाहावीत. अंतरांत मेळ नसेल तर एक सोडून एक वाचावे. जागा गाळल्या असतील तर एकूण जागा मोजून पाळी शोधावी. गट असतील तर उभे वाचावे. उत्तर आल्यावर तोच नियम सुरुवातीपासून एकदा लावून पाहावा. मिनिटभरात सुटले नाही तर खूण करून पुढे जावे आणि शेवटी परत यावे. दादाने पहिल्याच मालिकेवर बराच वेळ घालवला होता, हे त्याने मला नंतर सांगितले. पुढचे सोपे प्रश्न त्यामुळे वाचायचेच राहिले होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एका वहीत वीस मालिका लिहून दादापुढे ठेवल्या. आधी त्याने हातच लावला नाही. मग मी अण्णांची कपाशी-तुरीची गोष्ट सांगितली, पाच दगड लिहून दिले आणि सहाही प्रकार एकेकदा सोडवून दाखवले. तिसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर त्याने स्वतः वही ओढून घेतली. वीसपैकी सतरा बरोबर आल्या. मला वाटले, तो खूश होईल. तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला आणि म्हणाला, "एवढंच होतं का गं हे?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एवढेच होते, हे खरे. पण ते कोणी त्याला वेळेवर सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही, कारण बुद्धीचा विषय विचारून शिकायचा असतो असे त्याला वाटलेच नव्हते. आपल्या वर्गातही असे पुष्कळ जण आहेत. त्यांनी हा लेख वाचून एक तरी मालिका सोडवून पाहावी, एवढीच माझी विनंती.

पुढच्या भरतीचा फॉर्म भरायचा की नाही, हे दादाने अजून सांगितलेले नाही. वही मात्र त्याने परत दिलेली नाही.